आपल्याच बडोद्याचा नकाशा

परवा भाचीचा भूगोल घेत होतो. देशांचे आकार तिला तोंडपाठ होते: चिली लांबट, इंडोनेशिया तुकड्यातुकड्यांचा, लेसोथोला पोटात घेऊन बसलेली दक्षिण आफ्रिका. मी विचारलं, "आणि बडोदा राज्याचा आकार कसा होता गं?" ती म्हणाली, "मामा, बडोदा तर शहर आहे ना?"

मला खरंच वाईट वाटलं. इंग्रजांच्या काळात बडोदा हे गायकवाडांचं संस्थान होतं, हे तिला माहीतच नव्हतं. गुजरातच्या नकाशावर बटर पेपर ठेवला आणि तिच्या हातात पिवळी पेन्सिल दिली. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली हे चार प्रांत रंगवायला लावले. पडून फुटलेल्या पापडासारखं दिसत होतं. नवसारीहून राजधानीला यायचं तर मध्ये इंग्रजांचे सुरत आणि भरूच जिल्हे. कडी अहमदाबादच्या पलीकडे. अमरेलीचे तुकडे काठेवाडात इतर संस्थानांच्या गर्दीत विखुरलेले, आणि ओखामंडळ, म्हणजे द्वारका, तर पार पश्चिमेच्या टोकाला. तेही गायकवाडांचंच!

हे असं का झालं, ते मुलांना सांगायलाच हवं. अठराव्या शतकात पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी गुजरात वाटून घेतला तो महसुलाच्या हिशोबाने. नदी-डोंगर बघून कुणी रेघ ओढली नव्हती. पुढे पेशव्यांचा वाटा इंग्रजांकडे गेला आणि वसुलीच्या वहीतल्या नोंदींच्या सरहद्दी झाल्या. भारत-बांगलादेश सीमेवर कूचबिहारकडे छिटमहाल होते, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या वस्त्या. त्यांचं मूळही असंच जुन्या राजवटींच्या ताब्यातल्या मुलखात होतं. तिथल्या लोकांना स्वतःचा देश मिळायला २०१५ साल उजाडलं. १११ भारतीय वस्त्या बांगलादेशात गेल्या, ५१ इकडे आल्या.

तुटक राज्य चालवणं अवघड, असं पुस्तक सांगतं आणि ते खरंच आहे. पण सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १८९३ मध्ये कुठे केली? राजधानीपासून लांब पडलेल्या अमरेलीत! १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झालं. माझ्या मते आकाराच्या धड्यात हे उदाहरण चिलीच्या आधी यायला हवं.

दुसरा घोळ शब्दांचा. आपण भारतालाही राज्य म्हणतो, गुजरातलाही राज्यच. महाराष्ट्र आणि सौराष्ट्र, दोन्ही नावांत 'राष्ट्र' आहे. मुलं गोंधळणार नाहीत तर काय! मी तिला एवढंच सांगितलं की राज्य म्हणजे हद्द, कायदा आणि सरकार, तर राष्ट्र म्हणजे आपण सगळे एक असं मानणारी माणसं. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण, सीरियात विभागले गेलेत, तरी ते स्वतःला एकच समजतात.

मग तिला आमचं दांडिया बाजारातलं जुनं घर दाखवलं. १ मे १९४९ ला बडोदा मुंबई प्रांतात गेलं, १ मे १९६० ला गुजरातेत आलं. घर जागचं हललं नाही, आणि घरातली मराठीही.

कुणाकडे संस्थानकाळातला बडोदा राज्याचा नकाशा असेल तर फोटो टाका. ओखामंडळ दिसायला हवं, भाचीला तिच्या पिवळ्या रंगाशी ताडून बघायचंय.