सेन्सरचे पौंड की हाताचा अंदाज: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा राग समजतो. आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय आणि नेमकं तेव्हाच मी मागच्या पोस्टमध्ये लिहून बसलो की लिगामेंटचा बॅलन्स, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारे दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ताणलेत का ते, मोजणाऱ्या सेन्सरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. त्यावर तुम्ही लिहिलंत, "सोनारसुद्धा तराजूवर तोलून देतो, तुम्ही सर्जन लोक मात्र माणसाचा गुडघा हाताच्या अंदाजाने बसवता, हा निव्वळ इगो आहे."

हाताचा अंदाज कच्चा असतो, हे एकदम मान्य. सिडनीचे सर्जन मॅकडेसी आणि मंडळींनी ते तपासूनच बघितलंय, सर्जन गुडघा दोन्ही बाजूंना ताणून म्हणाला "बॅलन्स आहे" आणि सेन्सर म्हणाला "नाही", असं चांगलंच बऱ्याचदा झालं. त्यात सिनियर-ज्युनियर सगळे आले, मीही वेगळा नाही.

पण तराजूचंच घ्यायचं तर गिऱ्हाइकाला किती तोळे पाहिजेत ते माहीत असतं ना. गुडघ्यात आतल्या बाजूला किती दाब हवा नि बाहेरच्या बाजूला किती, हे आजही कोणी छातीठोक सांगत नाही. दोन बाजूंत १५ पौंडांपेक्षा जास्त फरक नको हा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो तो २०१४ च्या आसपासच्या गस्टकी वगैरे सर्जनच्या अभ्यासांतून रूढ झाला, आणि गंमत म्हणजे देवाने दिलेला गुडघा स्वतःच सारखा नसतो, वाकवला की बाहेरची बाजू आतल्यापेक्षा ढिली पडते, मग दोन्ही बाजू सारख्याच हव्यात हे कशावरून?

आता तो आकडा येतो कसा ते बघा. हाडं कापून झाली की मापासाठी तात्पुरतं घालतात त्या ट्रायल प्लास्टिकच्या जागी सेन्सर बसवतात आणि स्क्रीनवर दोन्ही बाजूंचे पौंड दिसायला लागतात. पेशंटला भूल दिलेली, स्नायू सैल, पायावर वजन शून्य. गुडघा ९० अंशात वाकवलाय आणि असिस्टंटने मांडी खालून उचलून धरली तर एक आकडा, मांडीचं वजन तसंच सोडलं तर दुसरा, पाऊल किंचित बाहेर वळलं तर तिसराच. वाटी उलटी करून बाजूला ठेवलेली असेल तर वेगळा, जागेवर आणून कॅप्सूलला, म्हणजे सांध्याच्या आवरणाला, दोन टॉवेल क्लिप (चिमटे) लावल्या की परत वेगळा. म्हणून जो दर वेळी तस्साच पाय धरून मोजतो त्याच्या आकड्याला अर्थ आहे, बाकी स्क्रीनवर काहीतरी दिसतंच.

आणि निकालाचं काय? गुडघा बदललेल्या साधारण पाचातला एक पेशंट पूर्ण समाधानी नसतो, त्यावर उपाय म्हणून हे सेन्सर आले. पण त्याच सिडनीकरांनी रँडमाइज्ड ट्रायल केली, म्हणजे कोणाला सेन्सर नि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, तेव्हा सेन्सरवाल्यांचे गुडघे जास्त बॅलन्स्ड निघाले खरे, पण पेशंटने स्वतः भरून दिलेल्या स्कोअरमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे सेन्सर खोटा नाही, फक्त तो जे मोजतो त्यावर आईचं दुखणं थांबणार की नाही हे तेवढंसं अवलंबून दिसत नाही.

त्यामुळे सर्जनला "सेन्सर आहे का" यापेक्षा "आतली बाजू टाईट निघाली तर काय करता" हे विचारा. आपल्याकडे अशा बहुतेक पेशंटचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, त्यात वाढलेली हाडाची टोकं नीट काढली की बरंच काही तिथेच सैल होतं, त्यानंतरही टाईट राहिलं तर कोणी लिगामेंटला सुईने बारीक भोकं पाडून ते थोडं थोडं सोडतं, कोणी हाडाचा काप एक-दोन अंशांनी बदलतं. याचं सरळ उत्तर देणारा माणूस साध्या स्पेसर ब्लॉकवर (हाडांमधली फट तपासायचा ठोकळा, त्यात सेन्सर नसतो) काम करत असला तरी मी माझ्या घरच्यांना त्याच्याकडे पाठवीन.

पैशाचं विचारलंत म्हणून सांगतो, तो सेन्सर गुडघ्यात राहत नाही, काम झालं की काढून टाकतात, एकदाच वापरायचा असतो आणि खर्च वेगळा. तुमचे सर्जन तो नेहमीच वापरत असतील तर खुशाल घ्या, पण तुमच्या आग्रहामुळे त्यांना पहिल्यांदाच मागवायला लावू नका.