कुटुंब म्हणजे कोण?

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले, आणि २०२५मध्ये त्याच स्त्रीला लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, याचा मला मनस्वी संताप येतो. शेजारच्या ताईंना नवऱ्याने बारा वर्षांपूर्वी टाकले, वडील केव्हाच वारले. सेवा केंद्राच्या खिडकीसमोर पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या उभ्या होत्या आणि ओटीपी जाणार होता त्या नवऱ्याच्या मोबाइलवर. तो त्यांनी आणायचा कुठून? पुढे घटस्फोटाचा किंवा मृत्यूचा दाखला चालेल असे सांगितले गेले, पण टाकलेल्या बाईकडे यांपैकी कोणता कागद असतो? धुणीभांडी करून दोन मुले वाढवणारी आई म्हणजे कुटुंब नव्हे का? महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी तिने त्याचे नाव अजून किती वेळा घ्यायचे?