तापमानाचं काय?

पार्सलचं खोकं चौकटीत ठेवून सेन्सरने त्याची लांबी-रुंदी-उंची मोजायच्या लेखातलं ‘तिन्ही बाजूंना एचसी-एसआर०४ लावा, अचूक माप मिळेल’ हे वाक्य अर्धवट आहे. हा सेन्सर ध्वनीच्या प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. कोडमध्ये ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद ठोकून दिलाय, तो २० अंशांचा. मे महिन्यात गोदामात ४० अंश असताना वेग जातो ३५५ च्या आसपास. म्हणजे सेन्सर ते खोकं हे ४० सेंमी अंतर ३८.६ दिसणार आणि चौकटीच्या मापातून ते वजा केलं की खोकं फुकटचं १.४ सेंमी फुगणार. ४०×३०×३० च्या खोक्याची प्रत्येक बाजू नुसती १ सेंमीने वाढली, तरी कुरिअरसाठी आकारावरून धरलं जाणारं वजन (लांबी×रुंदी×उंची भागिले ५०००) ७.२ वरून ७.९ किलोवर जातं. भुर्दंड गिऱ्हाइकाला!

उपाय स्वस्त आहे. दर वेळी रिकाम्या चौकटीचं रीडिंग घ्या, ज्ञात अंतराशी गुणोत्तर काढा, तेच पुढच्या मापाला लावा. आणि तिन्ही सेन्सर एकदम चालवू नका. मध्ये ६० मिलिसेकंद सोडा, नाहीतर एकाचा प्रतिध्वनी दुसराच ऐकतो.