आयोमी यादीत तळाला?

तुमच्या आवडत्या रॉक गिटारिस्टांच्या यादीत ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा टोनी आयोमी शेवटी, कारण काय तर ‘वेग कमी’! अहो, पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हातच तो. मग प्लॅस्टिकच्या टोप्या, हलक्या तारा आणि १९७१ च्या अल्बममध्ये तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवलेली गिटार. तो जड आवाज यातून आला.

घरी गिटार अशी उतरवून बघणार असाल तर ०.००९ च्या (सर्वांत बारीक तारेची इंचातली जाडी) सेटवर नको. ताण जवळजवळ ३० टक्के उतरतो, तारा फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडतात आणि जोरात दाबलं की सूर वर सरकतो. ०.०११ चा सेट लावा, हाताला ताण जवळपास पूर्वीसारखाच लागेल. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) खाचेत अडकत असेल तर खाच किंचित रुंद करून घ्या. आणि मुंबईच्या पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर गंज ठरलेला.

तुमच्या मेडिकल मालिकांच्या यादीत अमेरिकन मालिका ‘ईआर’ पहिल्या क्रमांकावर, हे मान्य. बाकी ज्या मालिकांत मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक देतात, त्या माझ्या यादीतून बाद. तिथे शॉकचा उपयोग नसतो. छाती दाबायची आणि ॲड्रेनालिन द्यायचं.