जूनचं फूल म्हणे गुलाब!

1 जूनला फॅमिली ग्रुपवर नेहमीचं पोस्टर आलं. जूनचं फूल गुलाब, जूनचं रत्न मोती, नाव रोमन देवी जूनोवरून. खाली फुलपाखरं. आमच्या अंगणातल्या गुलाबाच्या कळ्या पहिल्या दोन सरींतच कुजल्या होत्या, त्याचा फोटो उलट टाकायचा मोह आवरला.

जूनो ही लग्नाची देवी, म्हणून युरोपात जूनमधलं लग्न शुभ. तिकडे तेव्हा ऊन असतं, त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे जूनमधलं लग्न म्हणजे मांडवावर ताडपत्री आणि पाहुण्यांच्या पायाला चिखल. रोमन लोक वर्ष मार्चपासून मोजायचे तेव्हा हा चौथा महिना होता, दिवस 29. तिसावा दिवस ज्युलियस सीझरने जोडला.

वाढदिवसांचं म्हणाल तर माझं सासर कोल्हापूरकडचं. सासरे, चुलत सासरे, शेजारचे काका, सगळ्यांचा जन्म 1 जूनचा! शाळेत नाव घालताना तारीख कुणाला ठाऊक नसे, मग मास्तर 1 जून ठोकून द्यायचे. माझ्या आजीचा मात्र गोव्यातल्या फोंड्याचा पोर्तुगीज दाखला आहे, तारखेसकट. पोर्तुगिजांनी जन्मनोंदणी सक्तीची केली होती. त्यांचं कौतुक करायचंच तर एवढंच करीन.

आमच्या गोव्यातल्या जूनची चिन्हं काढायला सांगितली तर मी पहिल्यांदा खारा बांगडा काढीन. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलर बंद. मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायचं: सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, मिरच्या, चिंचेचे गोळे. पाऊस लागला की डबा उघडायचा आणि तो वास घरभर. दुसरं चिन्ह कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट. 24 जूनला सांजांव, संत जॉन बाप्तिस्ताचा सण: डोक्यावर कोपेल, घुमट वाद्याचा ताल आणि तुडुंब विहिरीत धडाधड उड्या. येशूची आई मरिया भेटीला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे सांजांवानेच, आनंदाने उडी मारली, ही त्या उडीची आठवण. नव्या जावयाची त्या दिवशी खास बडदास्त. आमच्या अधिकाच्या धोंड्यासारखीच, फक्त सांजांव दर वर्षी येतो.

परवा भाच्याला घेऊन पणजीत छत्री घ्यायला गेले. दुकान 18 जून रस्त्यावर. बाहेर धो धो. पोरगा पाटी वाचून म्हणाला, "मावशी, रस्त्याचं नाव तारीख कसं काय?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मग तिथेच, काउंटरला टेकून सांगितलं. 1946 साल. तुरुंगातून सुटलेले समाजवादी नेते राममनोहर लोहिया विश्रांतीला असोळण्याला आले, मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे. विश्रांती कसली! पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय इथे सभा घेता येत नसे, हे ऐकून 18 जूनला मडगावात सभाच लावली. मुसळधार पाऊस, तरी माणसं जमली. दोघांनाही अटक झाली. ते मैदान आता लोहिया मैदान.

दुकानदार छत्र्या काढता काढता ऐकत होता. म्हणाला, "आमचो आजो सांगतालो, पावसान सगळे भिजिल्ले, पूण कोण हालूंक ना."

भाच्याने बोटं मोजली. "आणि गोवा सुटला 1961ला? म्हणजे पंधरा वर्षं?"

"पंधरा."

"ही व्हर बाये," दुकानदाराने काळी छत्री फटकन उघडली, "दोन पावस काडटली."