सीपीयूत पंक्चरवाल्याची हवा मारणं बंद करा, राजेहो!

किती वेळा सांगायचं? कॉम्प्युटर म्हणजे ट्रॅक्टरचा एअर फिल्टर नव्हे, की नेला पंक्चरच्या दुकानात, मारली हवा आणि आणला परत! ग्रामपंचायतीचा असो की शाळेचा, सीपीयूचा डबा गाडीवर बांधायचा, टायर भरायची नळी आत खुपसायची आणि धुळीचा लोट निघाला की काम झालं म्हणायचं. अरे, त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत 100 पीएसआयच्या वर दाब असतो. तळाशी पाणी साचलेलं असतं, कारण खालचा कॉक उघडून ते रोज काढायची तसदी कोणी घेत नाही. ते पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल हवेसोबत थेट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर जातं. पंखा त्या झोतानं भन्नाट फिरतो, बेअरिंगची वाट लागते, आणि उलटी फिरवलेली मोटर वीज तयार करून बोर्डात सोडते ती वेगळीच. मग दोन दिवसांनी मशीन चालू होत नाही. वर म्हणायचं, 'व्होल्टेजनं गेला.' नाही हो, व्होल्टेजनं नाही गेला. तुम्ही घालवला!

दुसरा संताप त्या फॉरमॅटचा. मशीन हळू झालं, दुपारी आपोआप बंद पडू लागलं, की लगेच 'व्हायरस आहे, विंडोज मारावी लागते'. पैसे जातात, वर सातबाऱ्याच्या फायली, पोरांचे निकाल, सगळं पुसलं जातं. आणि पंधरा दिवसांत मशीन पुन्हा तसंच. झाकण उघडून कोणी पाहतच नाही. वरून पंखा स्वच्छ दिसतो, तिथंच फसगत होते. प्रोसेसरवरचा पंखा हीटसिंकपासून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापासून सोडवून उचला. खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर राखाडी थर बसलेला असतो, बोटानं धरला तर चहाच्या गाळणीतल्या चोथ्यासारखा एकसंध निघतो. हे असं आपल्याकडे जास्त होतं, कारण आपली धूळ नुसती माती नाही. ऑक्टोबरात सोयाबीनच्या थ्रेशरचं कुटार, मग कापसाचे तंतू, पुढे तुरीचा भुसा. तंतू पात्यांत अडकून जाळी विणतात आणि काळ्या मातीचा फुफाटा त्यात भरतो. हवा जायला वाटच उरत नाही. प्रोसेसर 90-100 अंशांवर गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना त्याला श्वास घ्यायला जागाच नसते. यात विंडोजचा काय दोष?

आणि ओलं फडकं! पंखा पुसायचा म्हणून भिजवलेलं फडकं आत घालणाऱ्यांना काय म्हणावं? खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खारट पाण्याच्या भागातलं पाणी असेल तर वाळल्यावर क्षार बोर्डावर तसेच राहतात, आणि पावसाळ्यात दमट झाले की शॉर्ट व्हायला आमंत्रण.

अवघड आहे का हे काम? अजिबात नाही. बटण बंद करून भागत नाही, मागची केबलच काढा. सगळ्या वायरी सुटल्यावर पॉवरचं बटण 10-15 सेकंद दाबून धरा, उरलेला चार्ज निघून जातो. मोबाइलवर आतला फोटो काढा, नाहीतर समोरच्या बटणांच्या बारीक वायरी कुठल्या पिनेला होत्या यात संध्याकाळ जाते. डबा अंगणात न्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावत राहा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, त्यात अंगात नायलॉनचा स्वेटर असेल तर, स्थिर विजेचा एक चटका रॅम मारायला पुरतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचं प्लॅस्टिकचं तोंड आत घासू नका, तेही याचसाठी.

रंगाचा एक इंची मऊ, कोरडा ब्रश घ्या, तंतूंचा थर आधी त्यानं सुटा करा. मग हातात धरायचा इलेक्ट्रिक ब्लोअर, कमी वेगावर, फूटभर अंतरावरून, थांबून थांबून. प्रत्येक पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवा! एवढी एक गोष्ट केली तरी अर्धे पंखे वाचतील. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. रॅमची पट्टी काढून तिचं पिवळं टोक खोडरबरानं हलकेच घासा, चुरा झाडून बसवा, दोन्ही बाजूंनी 'टक्' झालंच पाहिजे.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा आतला डबा, मात्र उघडायचा नाही. म्हणजे नाहीच! केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. जाळीतून बाहेरूनच हवा मारा.

हीटसिंक कारणाशिवाय उपटू नका. काढलाच तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सॅनिटायझर किंवा पेट्रोलनं नाही, आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. ती ग्रीससारखी लिंपणारे पाहिले की डोकं फिरतं. खाली पिना असलेला एएमडीचा प्रोसेसर असेल तर मशीन आधी दहा मिनिटं चालवा, बंद करून केबल काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकतात.

आणि एवढं करून डबा पुन्हा दाराजवळ जमिनीवर ठेवायचा, सकाळी फडा मारायचा, समोर कूलरचं तोंड! ओल्या हवेनं तीच धूळ चिखल होऊन चिकटते. फूटभर उंच स्टुलावर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर, कूलर दुसरीकडे वळवा. मशीन चालू असताना प्लॅस्टिकचं कव्हर काढा. डब्याच्या मागच्या रिकाम्या खाचांवरच्या पट्ट्या पडल्या असतील तर नव्या बसवा, पाली तिथूनच शिरतात. पुढं झाकणाला बारीक नायलॉनची जाळी लावा आणि हंगामात ती दर आठवड्याला झटका.