सपाटीचा हिशोब चढाला चालत नाही

कमी खर्चात पायी भटकण्यावरचा लेख मनापासून आवडला. फक्त 'रोज २५ किलोमीटर सहज होतात' हे डोंगराळ भागात धरून चालू नका, वाटेतच अंधार पडेल. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब मी अजून वापरते: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेचार तास, तेही न थांबता. पाठीवर ओझं असलं की वेळ आणखी वाढतो.

आणि टाच चुरचुरायला लागली की तिथेच बसा, पट्टी लावा. मी एकदा 'मुक्कामाला पोचल्यावर बघू' म्हणत चालत राहिले. संध्याकाळी बूट काढला तर मोजा फुटलेल्या फोडाला चिकटलेला. दोन दिवस खोलीत पडून काढावे लागले, वाचवलेलं सगळं बसभाडं खोलीच्या भाड्यात गेलं.

शहरात मात्र उलट होतं. मेट्रोच्या नकाशात अंतरं बहुधा प्रमाणात नसतात, त्यामुळे लांब वाटणारं पुढचं स्थानक कधीकधी पाच मिनिटांच्या चालीवर असतं. तिकीट काढण्याआधी रस्त्यांचा नकाशा जरूर बघा.